मेंढीकोट आणि ब्रिजमध्ये आलेला हात किती अजब आहे हे आकड्यात कसं मोजायचं?

पऱ्हाटीवाला (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. प्रश्न पत्त्यांचा हाय पण जुगाराचा नाही, हिशोबाचा हाय. सध्या आमच्याकडं थ्री फेज लाईन रात्रीची हाय, हरभऱ्याले पाणी द्याचं तं वावरात जागीच राहा लागते, मग बाजूच्या वावरातले दोघं-तिघं येतात अन् मेंढीकोट सुरू होते. मी नागपूरले होस्टेलवर होतो तेव्हा ब्रिज शिकलो, तो आता मोबाइलवर खेळतो. दोन्हीकडं ५२ पत्ते, चौघं जण, प्रत्येकाले १३, म्हणजे कोणत्या रंगाचे किती पत्ते येतील हा हिशोब सारखाच असाले पायजे ना? पण मले तसं दिसून नाही राहिलं.

वावरातल्या मेंढीकोटात सात इस्पिक अन् बदामचा पत्ताच नाही असे हात सारखे येतात. मोबाइलवर तेवढे येत नाहीत, पण माझा होस्टेलचा दोस्त उलटंच म्हणते, मोबाइलवर मुद्दाम वाकडे हात देऊन राहिले, आपण खऱ्या पत्त्यांवर ब्रिज खेळायचो तेव्हा हात कसे एकसारखे यायचे, ४-४-३-२ नाहीतर ५-३-३-२. आता दोघातलं खरं काय हे नुसतं बोलून ठरत नाही म्हणून मी वहीत लिहाले लागलो, मोठ्या रंगापासून लहान रंगाकडं, ५-४-३-१ असं.

मले पायजे ते एवढंच की एका हाताले एकच नंबर कसा द्याचा, जेणेकरून म्हणता येईन की हा साधा अन् हा लई अजब. १३ भागिले ४ म्हणजे ३.२५, त्यापासून किती लांब गेला ते मोजावं असं मनात हाय. मग ४-३-३-३ सगळ्यात साधा हात ठरते. बरोबर होईन का असं?


निवृत्त मास्तर (अचलपूर)

दिशा बरोबर आहे तुमची. अपूर्णांक टाळायचे असतील तर ३.२५ वजा करत बसू नका, चारही रंगांच्या पत्त्यांचे सरळ वर्ग करा आणि बेरीज घ्या, क्रम तोच लागतो. ४-३-३-३ म्हणजे १६+९+९+९ = ४३, याच्या खाली जाताच येत नाही. ४-४-३-२ चे ४५, ५-३-३-२ चे ४७, ७-३-२-१ चे ६३, आणि तेराच्या तेरा एकाच रंगाचे आले तर १६९.

नीट पिसलेल्या गड्डीत या बेरजेची सरासरी ४९.७ येते आणि ती कुठून येते हे पाहण्यासारखं आहे. एका रंगाच्या पत्त्यांचा व्हेरिअन्स (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी) १३ × १/४ × ३/४ × ३९/५१ = १.८६, त्यात ३.२५ चा वर्ग १०.५६ मिळवा, १२.४३ झाले, गुणिले चार रंग. यातला ३९/५१ माझ्या फार आवडीचा आहे, कारण एकदा वाटलेला पत्ता परत गड्डीत जात नाही ही गोष्ट त्या एका अपूर्णांकात बसली आहे. तुम्हाला पाच इस्पिक आले की पुढचा पत्ता इस्पिक यायची शक्यता आपोआप कमी होते. प्रत्येक पत्ता परत ठेवून ओढला असता तर तो अपूर्णांक नसता आणि सरासरी ५२ आली असती. म्हणजे खऱ्या पत्त्यांचा हात मुळातच थोडा सपाटीकडे ओढलेला असतो.


किल्वरची दुर्री (पुसद)

मास्तर, तुमची बेरीज मला मान्य आहे पण ती हात किती वाकडा हे सांगते, किती दुर्मिळ हे नाही सांगत, आणि दादाचा प्रश्न 'अजब' चा आहे. ४-४-४-१ आणि ५-४-२-२ घ्या. दोघांची बेरीज ४९. ब्रिजवाले रंग नसला तर ३, एकच पत्ता असला तर २ आणि दोन पत्ते असले तर १ असे पॉइंट देतात, त्यातही दोघांना २-२ च मिळतात. पण ५-४-२-२ येतो १०.५८ टक्के वेळा आणि ४-४-४-१ येतो २.९९ टक्के वेळा, साडेतीन पट फरक आहे.

आता ४-३-३-३. सगळ्यांना वाटतं हाच सर्वात जास्त येत असेल, आणि तो येतो १०.५४ टक्के, नंबर पाचवा! त्याच्या वर ४-४-३-२ (२१.५५), ५-३-३-२ (१५.५२), ५-४-३-१ (१२.९३) आणि ५-४-२-२ बसले आहेत. असं का होतं ते हातानं करून बघितल्याशिवाय पटत नाही म्हणून पूर्ण लिहिते. १३ पत्त्यांमधून ४ निवडायच्या पद्धती ७१५, ३ निवडायच्या २८६, २ निवडायच्या ७८. 'इस्पिक ४, बाकी तिन्ही ३-३' असे हात होतात ७१५ × २८६ × २८६ × २८६ म्हणजे साधारण १,६७३ कोटी. 'इस्पिक ४, बदाम ४, चौकट ३, किल्वर २' असे हात होतात ७१५ × ७१५ × २८६ × ७८ म्हणजे १,१४० कोटी. इथपर्यंत ४-३-३-३ च पुढे आहे. पण चार पत्त्यांचा मान कोणत्या रंगाला द्यायचा याचे फक्त ४ प्रकार, आणि ४-४-३-२ मध्ये रंगांची अदलाबदल १२ प्रकारे होते, तिथं पारडं फिरतं. ५-४-३-१ मध्ये तर चारही आकडे वेगळे म्हणून २४ प्रकार, त्यामुळे तो एकेकटा पाहिला तर कमकुवत असूनही तिसऱ्या नंबरवर येतो. एकूण हात होतात ६३,५०१ कोटींच्या वर (पूर्ण आकडा ६३५,०१३,५५९,६००), त्यानं भागलं की टक्केवारी मिळते.

असे एकूण ३९ साचे आहेत, एका पानावर सगळे मावतात, ते पान वहीच्या मागे चिकटवून ठेवा. तुमचा सात इस्पिकवाला जर ७-३-२-१ असेल तर तो १.८८ टक्के, आणि त्याच्याइतके किंवा त्याहून दुर्मिळ सगळे साचे मिळून ८.९ टक्के होतात, म्हणजे साधारण अकरा हातांत एखादा एवढा अजब हात यायलाच पाहिजे. निदान एक रंग गायब असलेले हात ५.१ टक्के. बसलेले चौघं आहेत, तर सरासरी पाच डावांमागे कुणाच्या तरी हातात एखादा रंग नसणारच. रात्रभर खेळलं तर हे 'सारखंच होतं' असं वाटणं साहजिक आहे.


पऱ्हाटीवाला

हे मस्त सांगितलं ताई, ४-३-३-३ पाचवा हे ऐकून तं आमच्यातले दोघं मानूनच नाही राहिले, मंग तुमचा ७१५ चा गुणाकार मोबाइलवर करून दाखवला. पण आता अडचण अशी की रात्रीचे सगळे हात मिळून एक नंबर काढाचा असला तं टक्केवारीचा गुणाकार करत गेलो की पॉइंटच्या नंतर शून्यच शून्य येतात, अन् बेरीज केली तं तिले काही अर्थ नाही. मंग काय कराचं?


किल्वरची दुर्री

लॉग घ्या. शक्यता उलटी करायची, म्हणजे 'इतक्यात एक' असा आकडा, आणि त्याचा दोनच्या पायाचा लॉग (दोनाचा कितवा घात केला की तो आकडा येतो ते). याला बिट म्हणतात, आणि त्याचा अर्थ एकदम हाताला लागतो: नाणं उडवून लागोपाठ तितक्या वेळा छापा येणं जेवढं अवघड तेवढा हा हात अजब. ४-४-३-२ चे २.२ बिट, ५-४-३-१ चे २.९५, ४-३-३-३ चे ३.२५, ७-३-२-१ चे ५.७, ७-६-०-० चे १४.१, आणि तेराच्या तेरा एका रंगाचे आले तर ३७.२. गुणाकाराची जागा बेरीज घेते म्हणून रात्रभराचे हात सरळ मिळवता येतात.

मी ३९ च्या ३९ साच्यांवर सरासरी काढली, ती साडेतीन बिट येते. म्हणजे नीट पिसलेल्या पत्त्यांवर दर हाताला सरासरी ३.५ बिट 'आश्चर्य' ठरलेलंच आहे, तुमची वही त्याच्या बरीच वर गेली तर हात खरोखर अजब येत आहेत आणि बरीच खाली गेली तर कुणीतरी वाजवीपेक्षा जास्त साधे हात वाटतंय. हेही पाहण्यासारखं आहे, कारण लोक फक्त वाकडे हात पकडायला बसतात आणि फार साधे येत असले तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एकाच डावातले चारही हात मिळवू नका, तुम्हाला सात इस्पिक गेले तर उरलेल्या तिघांत फक्त सहाच राहिले, म्हणजे ते चार हात एकमेकांना बांधलेले आहेत. एकाच जागेवरच्या माणसाचा हात लिहा. दुसरी, बिट आणि मास्तरांची बेरीज दोन्ही लिहा. ४-३-३-३ भरपूर आले तर बिटची सरासरी ३.५ च्या आसपासच राहील आणि काही कळणार नाही, वर्गांच्या बेरजेत मात्र लगेच दिसेल.


संत्राबाग (वरुड)

मला वाटतं दादाच्या प्रश्नाचं खरं उत्तर मोजमापाच्या पुढे आहे. वावरातले हात जास्त वाकडे, खऱ्या पत्त्यांवरचा ब्रिज जास्त सपाट, आणि मोबाइल मधात. ही तिन्ही निरीक्षणं एकाच वेळी खरी असू शकतात. तुमचा दोस्तही बरोबर आणि तुम्हीही बरोबर, फक्त मोबाइल मुद्दाम काही करून नाही राहिला.

डाव संपल्यावर पत्ते कसे गोळा होतात ते डोळ्यासमोर आणा. खेळताना पडणारा एक हात म्हणजे चौघांचे चार पत्ते, कुणीतरी इस्पिकची उतारी केली, बाकीच्यांनी इस्पिक दिले, चार इस्पिक एकावर एक. जिंकणाऱ्यानं ते उचलून आपल्या ढिगावर उपडे ठेवले. तेरा हात झाले की गड्डीत तेरा चौकड्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच एकाच रंगाच्या. आता आपल्याकडे पिसणं म्हणजे गड्डी तळहातावर धरून मागचे थोडे थोडे पत्ते पुढे सोडत जायचं, चार-पाच वेळा केलं की झालं, 'वाट ना भाऊ आता, किती पिसतं'. या पिसण्यात गठ्ठे जागा बदलतात पण गठ्ठ्याच्या आतले पत्ते एकमेकांना चिकटूनच राहतात. इथंच सगळं आहे.

ब्रिजमध्ये एकेक पत्ता फिरवत वाटतात. चार इस्पिक एकाला लागून एक असले तर ते चौघांना एकेक जातात, म्हणून प्रत्येकाकडे तीन-तीन चार-चार पत्ते, सपाट हात. आणि आपल्या मेंढीकोटात वाटप कसं? आधी पाच पाच, मग चार चार, मग परत चार चार. तेच चिकटलेले चार इस्पिक आता एकाच माणसाच्या हातात उतरतात. पिसण्याची कसर तीच, पण एका पद्धतीनं हात सपाट होतो आणि दुसऱ्या पद्धतीनं वाकडा होतो.

ब्रिजवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. त्यांच्यात गुलाश नावाचा एक प्रकार आहे, त्यात मुद्दाम पत्ते पिसत नाहीत, प्रत्येकानं आपले पत्ते रंगवार लावून ठेवायचे, गड्डी नुसती कापायची आणि ५-५-३ असे गठ्ठ्यानं वाटायचे. का, तर हात भन्नाट यावेत म्हणून. आणि जेव्हा स्पर्धांमध्ये कॉम्प्युटरनं वाटलेले हात आले तेव्हा जुन्या खेळाडूंनी हीच तक्रार केली जी तुमचा दोस्त करून राहिला, की कॉम्प्युटर वाकडे हात देतो. कॉम्प्युटर गणिताप्रमाणेच देत होता, त्यांची सवय अर्धवट पिसलेल्या सपाट हातांची होती.

किती पिसलं म्हणजे पुरे याचाही अभ्यास झाला आहे. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकॉनिस या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की गड्डीचे दोन भाग करून कडा एकमेकात फर्रर्र सोडायच्या अशा पिसण्याला ५२ पत्त्यांसाठी साधारण सात वेळा लागतात. आपलं तळहातावरचं पिसणं यापेक्षा फारच हळू मिसळतं, त्याला सात काय हजारो वेळा लागतील. म्हणून मी घरी पोरांना सांगतो की पत्ते जमिनीवर उपडे पसरा, दोन्ही हातांनी गोल गोल घोळा आणि मग गोळा करा.


नवीन मेंबर (यवतमाळ)

मधात विचारतो, माफी असावी. चारही खेळाडूंना तेरा तेरा एकाच रंगाचे पत्ते आले अशा बातम्या मधूनमधून येतात, त्याचे किती बिट?


किल्वरची दुर्री

जवळपास ९१. शक्यता २२ वर २६ शून्यं एवढ्या मोठ्या आकड्यात एक. नुसत्या एका माणसाला पूर्ण रंग मिळायची शक्यता साधारण १५,८७५ कोटींत एक, आणि ही त्याच्याही कितीतरी पलीकडे. पण ज्या बातम्या येतात त्यातल्या लोकांनी खोटंच सांगितलं असं म्हणायची गरज नाही. नवी कोरी गड्डी रंगवार लावलेली असते. तिचे बरोबर २६-२६ चे दोन भाग करून एकाआड एक पत्ता पडेल असं दोनदा पिसलं की रंग इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर, परत इस्पिक असे चक्रात लागतात (कोणत्या क्रमानं ते गड्डीवर अवलंबून), आणि एकेक करून वाटलं की चौघांना चार पूर्ण रंग. मधात गड्डी कापली तरी चक्र मोडत नाही. दोनदा सफाईनं पिसणारा हात मिळणं ९१ बिटांच्या मानानं फारच सोपं आहे, म्हणून असा डाव ऐकला की मी आधी विचारते गड्डी नवी होती का.


पऱ्हाटीवाला

संत्राबाग भाऊ, तुम्ही पाच-चार-चारचं सांगितलं अन् मले काल रात्रीच दिसून आलं, वाटणारा जे पाच पत्ते टाकते त्यात तीन-तीन, चार-चार एका रंगाचे निघून राहिले होते. आता असं करतो, वहीचे दोन भाग, एकात पाच-चार-चार वाटलेले डाव अन् दुसऱ्यात एकेक वाटलेले, गडी तेच, गड्डी तीच, पिसणंबी तेच. फक्त माझ्या जागेवरचा हात लिहाचा. किती हात लिहिले म्हणजे फरक हाय म्हणता येईन?


निवृत्त मास्तर

शंभर शंभर लिहा, तेवढ्यात उत्तर मिळायला हरकत नाही. एका हाताची वर्गांची बेरीज सरासरीच्या आजूबाजूला ५.८ इतकी हलते, शंभर हातांची सरासरी तिच्या दहाव्या भागाइतकी. म्हणून नीट पिसलेल्या पत्त्यांवर शंभर हातांची सरासरी बहुतेक वेळा ४८.५ ते ५०.९ मध्ये पडते. पाच-चार-चारची ५२-५३ निघाली आणि एकेक वाटलेल्याची ४७-४८ निघाली तर संत्राबाग यांचं म्हणणं तुमच्या वावरात सिद्ध झालं समजा.

ज्यांना वर्ग नको असतील त्यांच्यासाठी सोपी खूण: सर्वात मोठा रंग सहा किंवा जास्त पत्त्यांचा असे हात मोजा. ते २०.६ टक्के यायला पाहिजेत, शंभरात एकवीस. एकोणतीसपर्यंत गेले तरी नशीब म्हणून सोडून द्या, तेहतीसच्या वर गेले तर पिसण्यातच काहीतरी आहे.

आणि एक कटाक्षानं पाळा. कोणत्या दिवसापासून मोजायचं आणि कुठं थांबायचं हे आधी ठरवा. मोठा हात आला की 'थांब, हा लिहून घेतो' आणि साधा आला की राहून गेला, असं झालं तर वही तुमचं मन दाखवेल, पत्ते नाही. मी शाळेत मुलांकडून फासे मोजून घ्यायचो तेव्हा दर वर्गात हेच व्हायचं, सहा पडला की चार जण ओरडून सांगायचे आणि दोन पडला की कुणी लिहायचंच नाही. त्यामुळे पत्ते उचलले की खेळायच्या आधी चार आकडे लिहायचे, ४-४-३-२ असला तरी.


संत्राबाग

मास्तरांच्या म्हणण्यात एक भर. पिसणारा कोण होता तेही एका अक्षरात लिहा. चौघांत एखादा असतोच जो दोनदा हात फिरवून वाटायला लागते, त्याचे डाव वेगळे काढून पाहिले तर फरक आणखी ठळक दिसेल.


पऱ्हाटीवाला

लिहितो. तो कोण हाय हे आमच्यात सगळ्यायले माहीत हाय, पण नाव नाही लिहीत, 'प' लिहितो. शंभर झाले की दोन्ही पानांचे फोटो इथंच टाकतो. ताई, ते ३९ साच्यांचं पान टाईप केलेलं असंन तं पाठवा, मी आर्वीले गेलो की प्रिंट काढून आणतो.